चार मुठी उजवीकडे

भूमापन कार्यालयात बत्तीस वर्षं जमिनी मोजून निवृत्त झालेल्या त्या माणसाला सगळं गाव कोनकाका म्हणायचं. नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलं होतं, पण ते इतकं चपखल बसलं की पुढे पोस्टमनही पाकीट हातात देताना तसंच म्हणू लागला. काकांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असायची. तिच्यात एक लाकडी कोनमापक, त्याला दोऱ्याने बांधलेला शिशाचा ओळंबा, होकायंत्र, स्टॉपवॉच आणि खडूचे पाच-सहा तुकडे. दुकानात गेले तरी ही पिशवी बरोबर, लग्नाला गेले तरी बरोबर. बायको म्हणायची, "माझ्या आधी हीच आली घरात."

ते खरंच होतं. लग्नाच्या आधी, अठ्ठावीस वर्षांचे असताना, शेताची हद्द मोजत असताना त्यांनी भर संध्याकाळी आभाळातून एक मोठी उल्का जळत जाताना पाहिली. बरोबरची माणसं ओरडत पळाली. काकांनी मात्र समोरच्या दुर्बिणीची मान वळवली, उल्का दिसेनाशी झाली ती जागा पकडली आणि अंश लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी वेधशाळेला पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं की शंभरावर पत्रं आली, सगळ्यांत 'भयंकर' आणि 'अद्भुत' हे शब्द आहेत, आकडे फक्त तुमच्या कार्डात आहेत; यापुढे तुमच्या भागातल्या साक्षी तुम्ही गोळा कराल का? कार्यालयातल्या साहेबांनी आयुष्यात कधी इतक्या आदराने विचारलं नव्हतं. काकांनी होकार कळवला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

असा अग्निगोल वर्षातून एखादाच दिसायचा, कधी दोन-दोन वर्षं दिसायचा नाही. पण दिसला की काका दुसऱ्या दिवशी रजा टाकून निघायचे. कारण त्यांचं म्हणणं असं, की माणूस खोटं बोलत नाही, पण सांगता सांगता त्याचं पाहिलेलं झिजतं आणि ऐकलेलं वाढतं. चौथ्या दिवसापर्यंत तिखटमीठ लागतं. आठवड्याने अख्खं गाव एकच गोष्ट सांगतं, आणि ती कुणीच पाहिलेली नसते.

म्हणून त्यांची पद्धत ठरलेली होती आणि तिच्यात सूतभर फरक चालत नसे. पहिला प्रश्न नेहमी एकच: "तुम्ही नेमके कुठे उभे होता?" साक्षीदार म्हणाला अंगणात, तर अंगणात जायचं. म्हणाला विहिरीपाशी, तर विहिरीच्या कोणत्या अंगाला ते विचारायचं. पावलं तिथे ठेवायला लावायची आणि त्यांच्याभोवती खडूने रेघ ओढायची. रेघ पुरी झाली की कागदावर 'ठिकाण' या रकान्यात ते लिहायचं, आणि त्याच्याखाली साक्षीदाराची सही नाहीतर अंगठा. ही ठिकाणाखालची सही वेधशाळेने मागितलेली नव्हती. ती जमिनीच्या मोजणीतून आलेली सवय होती. खुंटीची जागा पक्की नसेल तर पुढचा सगळा हिशोब वाऱ्यावर, असं ते म्हणत.

त्यानंतर साक्षीदाराने बोलायचं नाही. आधी हात. दिसायला लागला तिकडे हात, विझला तिकडे हात. काका हाताला कोनमापक लावून, ओळंबा थांबेपर्यंत श्वास रोखून अंश वाचायचे. बोलणं मागाहून. दुसऱ्यांनी काय सांगितलं ते चुकूनही सांगायचं नाही, साक्षीदाराने "बरोबर ना?" असं विचारलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. वेळ कधी विचारायची नाही, करून दाखवायला लावायची. एका दूधवालीने शपथेवर सांगितलं होतं की गोळा दहा मिनिटं चालला होता. काकांनी तिच्या हातात बादली दिली आणि गोळा दिसल्यापासून विझेपर्यंत जे केलं ते पुन्हा करायला सांगितलं. ती बादली ठेवून वळली, वर पाहिलं, पदराने तोंड झाकलं. साडेपाच सेकंद. दूधवाली स्टॉपवॉचकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमच्या घड्याळाला भीती वाटत नाही, म्हणून ते कमी दाखवतंय." हे वाक्य काकांनी शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं.

बायकोला या कामाच्या सगळ्या खाचाखोचा माहीत झाल्या होत्या. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे दहा अंश, हे तिला काकांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ती स्वभावाने शांत, थोडी मिस्कील. नवरा आभाळाकडे पाहत चालतो म्हणून रस्त्यातल्या खड्ड्यांवर लक्ष ठेवायचं काम आपल्याकडे, असं ती मुलीला सांगायची. पण तीस वर्षांत तिने स्वतः एकही मोठा गोळा पाहिला नव्हता. दर वेळी ती घरात आणि गोळा बाहेर. तिच्या वाट्याला फक्त काकांचे धुळीने माखलेले पाय आणि थंड झालेलं जेवण येत असे.

चार वर्षांपूर्वी जो दिसला तो काकांच्या सगळ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा. सूर्य बुडून दहा मिनिटं झाली होती. पश्चिमेला अजून तांबडं होतं. आणि ज्याची आयुष्यभर वाट पाहिली तो आभाळ फाडत गेला, तेव्हा काका चपला शिवणाऱ्याच्या दुकानात, रस्त्याकडे पाठ करून, पिशवीचा तुटलेला पट्टा शिवून घेत होते. त्यांनी फक्त भिंतीवर स्वतःची सावली सरकताना पाहिली. बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं, धुराची एक रेघ उरली होती. चपला शिवणारा म्हणाला, "काका, आज पिशवी घरी ठेवली असती तर दिसला असता." काकांना हसायला सवड नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे चौकातल्या सात जणांना उभं केलं, पावलांभोवती रेघा ओढल्या आणि घरी पोचायला आठ वाजवले.

बायको ओट्याशी उभी होती. स्वयंपाक एरवी सातला झालेला असायचा. त्या दिवशी तिने नुकती कुठे भाजी चिरायला घेतली होती. काकांच्या हे लक्षात आलं नाही. आलं असतं तरी त्यांनी ते गोळ्याच्या खात्यावर टाकलं असतं.

"मीही पाहिला तुमचा गोळा," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी तिला खांद्याला धरून पश्चिमेच्या खिडकीशी आणलं आणि कागद काढला.

"अहो, पण आधी ऐका तर, मी…"

"बोलायचं नाही. आधी हात."

ती थांबली. मग तिने पदराला हात पुसले आणि उजवा हात लांब केला. सूर्य बुडाला ती जागा डोळ्यांनी पकडली आणि तिथून मुठीला मूठ लावत उजवीकडे गेली. चार. मग वर दोन. "इथे विझला. सात अंक मोजले मी, तुम्ही शिकवलेत तसे." काकांनी ओळंबा धरला, लिहून घेतलं. तेवढ्यात वेधशाळेचा फोन आला, आणि तो संपेपर्यंत दुसरा. 'ठिकाण' या रकान्यात त्यांनी फोन कानाला लावूनच लिहिलं: स्वयंपाकघराची खिडकी.

दुसऱ्या दिवशी गावातल्या साक्षी मांडल्या, तर सगळ्यांचे हात सूर्याच्या जागेपासून अडीच मुठींच्या आसपास. कुणी थोडं इकडे, कुणी थोडं तिकडे, पण चार-पाच अंशांच्या पलीकडे कुणी नाही. बायको एकटी चार मुठींवर. काकांना हसू आलं.

"अगं, सगळं गाव एकीकडे आणि तू एकीकडे. आभाळ बघत होतीस की फोडणी?"

तिने कागदाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "असेल माझंच चुकलं."

काकांनी तिच्या कागदावर लाल शाईने शेरा मारला: अग्राह्य. जुन्या कचेरीत जाऊन त्यांनी हा किस्सा सांगितलाही, की घरचाच साक्षीदार फुटला. सगळे खूप हसले.

पुढचे तीन आठवडे ते घरी फक्त झोपायला येत होते. गावोगाव फिरून बेचाळीस साक्षी मिळाल्या. एवढ्या आजवर कधीच मिळाल्या नव्हत्या. एकदा सकाळी ते चपला घालत असताना बायको म्हणाली, "हे एवढं संपलं की मला तुमचा एक दिवस हवाय." काका म्हणाले, "एक काय, दोन घे." त्यांना वाटलं, बहिणीकडे जायचं असेल. काम संपलं, मग अहवाल लिहायचा होता, मग नकाशे काढायचे होते. तो एक दिवस दोन महिन्यांनी निघाला आणि तेव्हा तिने सांगितलं की पोटात दुखतं, डॉक्टरांना दाखवायचंय.

शेजारच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये दोघं गेले. एक वर्ष औषधं झाली. डॉक्टर चांगले होते, सरळ बोलणारे होते. एकदा ते म्हणाले, जरा आधी उपचार सुरू झाले असते तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याने काकांच्या मनात घर केलं. अठरा किलोमीटर बसमध्ये बायको शेजारी बसलेली असताना त्यांना एकच गोष्ट डाचत होती. शेवटी एका दुपारी, ती अंथरुणाला खिळल्यावर, ते बोलून गेले. "मला आधी सांगायला काय झालं होतं? लपवलंस का?"

तिने उत्तर दिलं नाही. खिडकीकडे पाहत राहिली. काकांनी तेही तिच्या लपवण्याच्या खात्यावर टाकलं.

गोळ्यानंतर चौदा महिन्यांनी ती गेली.

त्यानंतर काका बोलायचे ते तेवढंच. समाचाराला आलेल्यांना सांगायचे, तिने अंगावर काढलं, आम्हाला कळू दिलं नाही. मुलीलाही तसंच सांगितलं. ती दूर राहायची, नोकरी, लहान मूल. तिलाही आईचा राग आला, आणि मेलेल्या माणसावरचा राग कुठे ठेवायचा हे कळेना म्हणून तो आतच राहिला. बापलेकीचे फोन रविवारी व्हायचे आणि तब्येतीपलीकडे जायचे नाहीत.

अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. मग मागच्या हिवाळ्यात एका खाणीतल्या कामगारांना काळ्या कवचाचा एक दगड सापडला. तो त्याच गोळ्याचा होता. दगड कुठे पडला हे पक्कं कळल्यावर गोळ्याची सगळी वाट नव्याने आखता आली, आणि वेधशाळेत आता ज्या बाई हे काम पाहत होत्या त्यांनी काकांचे मूळ कागद मागवले. नाकारलेलेही पाठवा, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं. साक्षी कशा चुकतात हेही शिकायचंय. काकांनी बायकोचा कागद गठ्ठ्यात सगळ्यांत खाली घातला.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. त्या आनंदात होत्या. बेचाळीस साक्षी नव्या वाटेशी अशा जुळल्या होत्या की त्यांनी काकांचं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "एका कागदाने मात्र मला कोड्यात टाकलंय. तुम्ही नाकारलेला. उंची बरोबर आहे, वेळ तर सगळ्यांत अचूक आहे, फक्त दिशा सोळा-सतरा अंशांनी उजवीकडे. इतकी नेटकी मोजणारी व्यक्ती दिशेतच एवढी कशी चुकेल? जागा एकदा तपासाल का?"

काकांना जरा राग आला. जागा काय तपासायची? घर माझं, स्वयंपाकघर माझं, खिडकी माझी. बाईंनी कागद परत पाठवला तेव्हा त्यांनी तो चष्मा पुसून, तिखट उत्तर लिहायच्या तयारीने समोर ठेवला. आणि त्यांचं लक्ष 'ठिकाण' या रकान्याकडे गेलं. अक्षर त्यांचंच होतं, फोनवर बोलताना लिहिल्यासारखं तिरपं. त्याच्याखाली सहीची जागा कोरी होती.

त्रेचाळीस कागदांत कोरी जागा एवढी एकच.

काका उठले, कपाटावरून मोठा नकाशा काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. दगडामुळे आता पक्का झालेल्या, गोळा विझला त्या बिंदूवरून त्यांनी बायकोच्या हाताची दिशा उलटी काढायला घेतली. आजवर साक्षीदाराच्या पायापासून गोळ्यापर्यंत रेघ जायची. आज ती गोळ्यापासून साक्षीदाराच्या पायाकडे निघाली होती. रेघ गावाला शिवलीसुद्धा नाही. नैर्ऋत्येला दूर, मोकळ्या शेतांवरून, नदीच्या वळणावरून, रेल्वेच्या गोदामांवरून ती शेजारच्या शहरात शिरली. तिथे नकाशावर हॉस्पिटलचा लहान लाल चौकोन होता. काकांनी पट्टी तिथेच ठेवली आणि कपाट उघडलं.

हॉस्पिटलची निळी फाईल कपाटात, तिच्या शालीच्या खाली होती. काकांनी ती कधी पहिल्यापासून वाचली नव्हती. शेवटची पानं त्यांनी स्वतः घातली होती तेवढीच माहीत. आता पहिलं पान काढलं. तारीख गोळ्याची. तपासणीची वेळ पावणेपाच. आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ: पुढच्या भेटीस जवळच्या नातेवाइकास सोबत आणावे.

म्हणजे तिला त्याच दिवशी कळलं होतं. ती एकटी गेली होती, एकटी परत आली होती, आणि ओट्याशी उभी राहिली होती. आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती काकांना झोपू देईना. तिने लपवायचं ठरवलं होतं, की सांगायचं? लपवलं असेल तर गेली तीन वर्षं जो राग उराशी धरला तो निदान खरा होता. सांगायचं असेल तर…

त्याचं उत्तर कागदावर नव्हतं. पण मोजणी अर्धी राहिली होती. रेघ हॉस्पिटलपर्यंत नेते, पावलांपर्यंत नेत नाही. काकांनी पिशवी उचलली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने शहरात गेले.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला रुंद पायऱ्या आहेत. पश्चिमेकडे तोंड, समोर मोकळं पटांगण. बसची वाट पाहणारी माणसं तिथेच बसतात. पायऱ्या पुसणाऱ्या एक मावशी खालून वर येत होत्या. साठीच्या असाव्यात. कंबर एका बाजूला झुकलेली, पण हात झपाझप चालणारा. काकांनी विचारलं, त्या इथे किती वर्षं आहेत. मावशी म्हणाल्या, फरशा बसवल्या तेव्हापासून, आणि फरशा आधी झिजल्या.

काकांच्या तोंडाशी दहा प्रश्न आले. तुम्ही एक बाई पाहिली का, बुटकीशी, चष्मा लावणारी. पण तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही. चेहरा कोरा करून, पस्तीस वर्षं विचारला तसाच त्यांनी प्रश्न विचारला. चार वर्षांपूर्वी संध्याकाळी आभाळात मोठा गोळा गेला होता, आठवतो का?

मावशींनी फडकं पिळलं. "मी कुठली बघतेय. माझी पाठ होती. मी बाई बघितली."

काकांनी कागद काढला.

"सगळे ओरडत आत पळाले," मावशी सांगू लागल्या. "आणि ही एकटी इथे उभी. हात असा लांब. मला वाटलं हिला झटका-बिटका आला. जवळ गेले तर म्हणते कशी, मावशी, मला हलता येणार नाही, तेवढा खडू आणा. आता काय बोलावं? डॉक्टरांच्या वेळा लिहितात त्या फळ्याचा खडू आणला. तर म्हणे, माझ्या पावलांभोवती रेघ ओढा. हात खाली घेईना, बाई. मुठी मोजत होती. मी वाकून रेघ ओढली. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि हात मात्र असा, लोखंडासारखा."

ओळंबा थांबायची वाट पाहावी तसे काका थांबले. मग विचारलं, "तिच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. कुणी असतं तर माझ्याकडून ओढून घेतली असती का रेघ?" मावशी पायरीवर टेकल्या. "मी म्हटलं, पुसायचं का आता हे? तर घाबरलीच. म्हणाली, नको, नको. उद्या आमचे हे येतील मोजायला. त्यांना जागा लागते. आज घरी गेले की सांगते त्यांना, मी इथे होते म्हणून. मग उद्या येतील."

पटांगणात एक बस येऊन थांबली आणि माणसं भरून निघून गेली.

"मग?" काकांनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या पद्धतीत बसणारा नव्हता.

"मग काय. मी ठेवली. तेवढी फरशी सोडून पुसायची. मुकादम ओरडला, कामचुकार म्हणाला, तर त्याला सांगितलं, माणूस येणार आहे मोजायला. आठ दिवस ठेवली. नवव्या दिवशी कुणीतरी औषध सांडलं तिथे, पुसावंच लागलं." मावशींनी काकांच्या पिशवीकडे, तिच्यातून डोकावणाऱ्या लाकडी अर्धवर्तुळाकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "तुम्हीच का ते? फार उशीर केलात हो."

काकांनी मान हलवली.

मावशींनी हाताला धरून त्यांना तिसऱ्या पायरीवर, डावीकडच्या खांबापासून दोन फरश्या सोडून, नेऊन उभं केलं. रेघ पुसली होती पण जागा त्यांना बोटाइतकी अचूक आठवत होती. आठ दिवस त्या तिच्या कडेकडेने फडकं फिरवत आल्या होत्या. सूर्य बुडायची वेळ झाली. काकांनी होकायंत्रावर त्या दिवशीची सूर्य बुडायची जागा धरली, उजवा हात लांब केला आणि मुठीला मूठ लावत गेले. एक, दोन, तीन, चार. वर दोन. ओळंबा धरला. हात मात्र स्थिर राहीना, म्हणून मावशींनी काही न विचारता खालून कोपराला आधार दिला. काकांनी अंश वाचले. बायकोच्या कागदात आणि नव्या वाटेत एका अंशाचाही फरक नव्हता. त्रेचाळीस जणांत इतकं अचूक कुणीच मोजलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली. चौदा महिने आणि त्यावर तीन वर्षं, सगळं पुन्हा पुन्हा येत होतं. खिडकीशी थांबलेलं ते "आधी ऐका तर, मी…". लाल शाई. कचेरीतलं हसू. मला तुमचा एक दिवस हवाय. आणि ती दुपार, जेव्हा त्यांनी तिलाच विचारलं होतं, लपवलंस का. ती तेव्हा म्हणू शकली असती, की मी सांगत होते, तुम्ही हात मागितलात. ती म्हणाली नाही. खिडकीकडे पाहत राहिली. मरणाच्या दारातही नवऱ्याच्या पायाखालचा खड्डा तिने झाकूनच ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. वार रविवार नव्हता, म्हणून ती आधी घाबरली. तब्येत ठीक आहे, असं काकांनी दोनदा सांगितलं. मग सगळं सांगितलं, क्रमाने, काहीही न गाळता, जसा अहवाल सांगतात तसं. कोरी सही, उलटी रेघ, निळी फाईल, मावशी, खडू.

"बाबा, म्हणजे आईने लपवलं नव्हतं?"

"नाही. मी विचारलं नव्हतं."

ती रडू लागली. काका फोन कानाला धरून बसून राहिले. तिने रागावावं असं त्यांना वाटत होतं, पण ती रागावली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, जेवलात का. ते बरोबर तिच्या आईच्या आवाजात आलं.

रात्र सरायच्या आत त्यांनी कागद पुरा करायला घेतला. लाल शेरा त्यांनी खोडला नाही. मोजणीच्या कागदावर खोडायचं नसतं. चूक दिसत राहिली पाहिजे आणि तिच्याशेजारी दुरुस्ती यायला पाहिजे. 'ठिकाण' या रकान्यातलं 'स्वयंपाकघराची खिडकी' त्यांनी एका रेघेने छेदलं आणि वर लिहिलं: हॉस्पिटल, मागच्या पायऱ्या, तिसरी पायरी, डावीकडच्या खांबापासून तिसरी फरशी. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा कोरी होती, ती कोरीच राहणार होती. 'अग्राह्य'च्या शेजारी त्यांनी 'ग्राह्य' लिहिलं आणि तारीख घातली.

राहिला होता शेवटचा रकाना, चुकीचं कारण. वेधशाळेने त्यासाठी पाच-सहा छापील पर्याय दिले आहेत. साक्षीदार घाबरलेला होता, उशिरा सांगितलं, दुसऱ्याचं ऐकून सांगितलं, असे. काकांनी ते सगळे एकेक करून वाचले. त्यांतला एकही लागू पडत नव्हता. मग त्यांनी खालच्या मोकळ्या जागेत, ओळ सरळ यावी म्हणून पट्टी धरून, लिहिलं:

साक्षीदाराने ठिकाण सांगायला सुरुवात केली होती. नोंद घेणाऱ्याने ऐकलं नाही.

आणि त्याच्याखाली स्वतःची सही केली.